दोनाचे पंच्याऐंशी

१९८४च्या डिसेंबरात लोकसभेचे निकाल लागले आणि भाजपच्या पदरात देशभरातून दोन जागा पडल्या. एक गुजरातेतल्या मेहसाण्याची, ए. के. पटेलांची. दुसरी आंध्रातल्या हनमकोंड्याची, चंदुपटला जंगा रेड्डींची. खुद्द अटलबिहारी वाजपेयी ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांकडून आपटले होते. जंगा रेड्डींनी पाडलं कुणाला, तर पी. व्ही. नरसिंह रावांना. रावांचं त्यामुळे काही अडलं नाही. त्यांनी आपल्या विदर्भातल्या रामटेकमधूनही अर्ज भरून ठेवला होता आणि तिथे गुलाल त्यांच्याच अंगावर पडला. सात वर्षांनी हेच गृहस्थ पंतप्रधान झाले. अख्ख्या देशात ज्यांना दोनच माणसं निवडून आणता आली, त्यांनी त्या दोनांत एका भावी पंतप्रधानाला लोळवलं होतं!

पुढच्याच निवडणुकीत, १९८९ला, त्या दोनाचे पंच्याऐंशी झाले. गंमत पुढेच आहे. मतं किती वाढली? ७.७ टक्क्यांवरून ११.४. धड चार टक्केही नाहीत आणि जागा मात्र बेचाळीसपट. उमेदवारसुद्धा दोन्ही वेळी सव्वादोनशेच्या आसपासच उभे होते. मग घडलं काय? जनता दलाशी जागांचा समझोता झाला, काँग्रेसविरोधी मतं ठिकठिकाणी एकाच पेटीत पडू लागली आणि चारशेपार गेलेली काँग्रेस १९७वर आली. तेव्हाही काँग्रेसची मतं ३९ टक्क्यांच्या वर होती, दुसऱ्या क्रमांकाच्या जनता दलाच्या दुपटीहून जास्त. पण बाकावर बसायला मतं नव्हे, माणसं लागतात.

हरलेल्या पक्षाच्या पुनरागमनाचा विषय निघाला की आपल्याकडे लाट, करिष्मा, त्सुनामी असले शब्द सुरू होतात. आकडे उघडून बसलं की लक्षात येतं, मतदार फार थोडे हलतात, जागा धडाधड हलतात. हे ज्या पडलेल्या पक्षाला आधी उमगतं तो परत येतो. बाकीचे चिंतन शिबिरं घेत बसतात.

मतं घटली, पेढे वाटले

ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचा २०१९ला पार धुव्वा उडाला, जागा २०२. पक्षाला मतं मिळाली होती साधारण १ कोटी ३ लाख. पाच वर्षांनी २०२४ला त्याच पक्षाने ४११ जागा जिंकून सत्ता घेतली. मतं? ९७ लाख. म्हणजे हरताना जेवढी होती त्याहून पाच-सहा लाख कमीच! हुजूर पक्षाची मतं रिफॉर्म नावाच्या नव्या पक्षाने फोडली, बरेच लोक घरीच बसले आणि मजूर पक्षाची मतं नेमकी लागतील तिथे पडली. त्या बिचाऱ्या रिफॉर्मला १४ टक्के मतं मिळाली आणि खासदार आले पाच.

जपानने हा प्रयोग बारा वर्षं आधीच करून दाखवला होता. लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष २००९ला ११९ जागांवर कोसळला आणि २०१२ला शिंझो आबे यांच्या नेतृत्वाखाली २९४ जागा घेऊन परतला. प्रमाणशीर मतदानाच्या यादीवर या पक्षाला मिळालेली मतं मात्र २००९पेक्षा वीसेक लाखांनी कमी होती. मतदानच ६९ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांवर घसरलं होतं. सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्ष फुटला होता, त्याचे ३०८चे ५७ झाले. आबेंनी जिंकलं म्हणण्यापेक्षा समोरच्यांनी हरून दाखवलं म्हणणं जास्त खरं.

तरी या खेळातला सर्वांत बेरकी खेळाडू मला विचाराल तर ब्रिटनचा लिबरल डेमोक्रॅट्स पक्ष. २०१०ला त्यांना २३ टक्के मतं होती आणि ५७ जागा. २०१९ला साडेअकरा टक्के आणि फक्त ११ जागा. २०२४ला मतं जेमतेम १२ टक्के आणि जागा ७२, लिबरल परंपरेतली १९२३नंतरची सर्वांत मोठी रास! देशभर सगळीकडे थोडं थोडं शिंपडण्याऐवजी त्यांनी हुजूर पक्षाचे डळमळीत मतदारसंघ निवडले आणि तिथेच पाणी घातलं. बाकी ठिकाणी त्यांच्या उमेदवाराचं काय झालं, हे विचारायलाही कुणी गेलं नाही.

आणि प्रचार कसा? पक्षाचे नेते सर एड डेव्ही विंडरमियर तलावात पॅडलबोर्डवर उभे राहिले आणि धपकन पाण्यात पडले. पुन्हा चढले, पुन्हा पडले. सगळे कॅमेरे तिथेच. इंग्लंडातल्या नद्या-तलावांत सांडपाणी सोडलं जातं, हा त्यांचा प्रचाराचा मुद्दा होता आणि त्या दिवशी तो प्रत्येक वाहिनीवर फुकटात दिसला. पुढे ते पाण्याच्या घसरगुंडीवरून घसरले, रोलरकोस्टरमध्ये बसले, ईस्टबोर्नला बंजी जंप मारून उलटे लोंबकळत मतं मागितली. आपल्याकडचा एखादा प्रदेशाध्यक्ष खडकवासल्यात असा धपकन पडेल, तर विरोधक वर्षभर त्याचे मीम फिरवतील. डेव्हींना तेच तर हवं होतं.

तेवीसचा फेरा

आंध्र प्रदेशात २०१४ नंतर सत्ताधारी तेलुगू देसमने जगनमोहन रेड्डींच्या वायएसआर काँग्रेसचे २३ आमदार फोडले. २०१९चा निकाल लागला २३ मे रोजी आणि तेलुगू देसमचे आमदार निवडून आले बरोबर २३. देवाने चोख हिशेब केला, असं जगन जाहीरपणे म्हणाले. म्हणणारच. त्यांचे १५१ आले होते.

पण तेलुगू देसमची तेव्हाची मतं पाहा: ३९.१७ टक्के. पाच वर्षांनी २०२४ला जगन यांचा पक्ष हरला तेव्हा त्याची मतं होती ३९.३७ टक्के आणि आमदार ११. दोन पराभव, जवळजवळ तितकीच मतं, पण एकाला २३ आणि दुसऱ्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी. दरम्यान तेलुगू देसमच्या चंद्राबाबू नायडूंनी २०२१ला सभागृहात अपमान झाला म्हणून पत्रकारांसमोर डोळे पुसले आणि मुख्यमंत्री झाल्याशिवाय विधानसभेत पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा केली. सप्टेंबर २०२३मध्ये त्यांना अटक झाली. राजमहेंद्रीच्या तुरुंगात त्यांना भेटून बाहेर आलेल्या पवन कल्याण यांनी तिथल्या तिथे युती जाहीर केली. हे पवन कल्याण २०१९ला दोन ठिकाणी उभे राहून दोन्हीकडे पडले होते. २०२४ला त्यांच्या जनसेनेने २१ जागा लढवल्या आणि २१च्या २१ जिंकल्या. तेलुगू देसम १३५. तुरुंगाच्या दारात झालेला सौदा इतका फळलेला क्वचितच कुणी पाहिला असेल.

तमिळनाडूत तर पूर्वी हा पाळणाच होता, एकदा हा वर, एकदा तो. १९९१ला राजीव गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीत द्रमुकचे २३४पैकी दोन आमदार उरले. त्यांतले एक करुणानिधी, तेही ८९० मतांनी कसेबसे तरलेले. त्यांनी लगेच राजीनामा दिला. २२ टक्के मतं घेऊन दोन जागा! १९९६ला मूपनारांच्या तमिळ मानिल काँग्रेसला सोबत घेतलं आणि द्रमुकचे १७३ आले. जयललितांचा अण्णाद्रमुक चारवर गेला, त्या स्वतः बरगूरला पडल्या. २००१ला त्या चाराचे १३२ झाले. त्या वर्षी जयललितांचे चारही अर्ज छाननीत बाद झाले होते, म्हणजे त्या उमेदवारच नव्हत्या. तरी मुख्यमंत्री त्याच झाल्या.

बंगालात ममता बॅनर्जींना २००४च्या लोकसभेत राज्यातल्या ४२पैकी एकच जागा मिळाली, त्यांची स्वतःची. २००६च्या विधानसभेत तृणमूलचे ३०, डाव्या आघाडीचे २३५. मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांनी हे दोन आकडे सभागृहाला ऐकवलेही. मग जमीन संपादनावरून सिंगूर झालं, नंदीग्राम झालं आणि २०११ला तृणमूल १८४. बुद्धदेवबाबू आपल्या जादवपूरमध्ये पडले. डाव्यांची मतं तेव्हाही ४१ टक्के होती! काँग्रेस तृणमूलसोबत गेल्यावर त्या ४१ टक्क्यांना ६२ जागांपलीकडे किंमत उरली नाही.

हत्तीवरून संसदेत

आपल्याकडच्या पुनरागमनांचा मुकुटमणी अर्थात १९७७ ते १९८०. १९७७ला काँग्रेसला उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य, बिहारात ५४ पैकी शून्य. इंदिरा गांधी रायबरेलीत राजनारायणांकडून पडल्या, संजय गांधी अमेठीत. दिल्लीत अनेकांनी मनातल्या मनात श्रद्धांजली वाहून टाकली होती.

मेमध्ये बिहारच्या बेलछी गावात दलितांचं हत्याकांड झालं. ऑगस्टमध्ये, ऐन पावसात इंदिराबाई तिकडे निघाल्या. जीप चिखलात रुतली. ट्रॅक्टर आणला, तोही पुढे जाईना. मग गावातला एक हत्ती आला, मोती नावाचा, पाठीवर हौदासुद्धा नाही. साठीला टेकलेल्या बाई त्यावर बसल्या, मागे एक सहकारी महिला घट्ट धरून बसलेली, आणि अंधारात, पाण्यातून ही वरात बेलछीत पोचली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत जे छापून आलं ते कोट्यवधी खर्चूनही छापून आणता आलं नसतं.

ऑक्टोबरात जनता सरकारने त्यांना अटक केली आणि दुसऱ्याच दिवशी न्यायाधीशांनी आरोपांत दम नाही म्हणून सोडलं. सरकारने आपल्या हाताने त्यांना हुतात्मा करायचा चंग बांधला होता असंच वाटतं. १९७८च्या जानेवारीत पक्ष फुटला, गायवासरू गेलं आणि पंजा आला. नोव्हेंबरात चिकमंगळूरची पोटनिवडणूक. तिथल्या खासदाराने जागा रिकामी करून दिली होती. 'एक शेरनी, सौ लंगूर' ही घोषणा तिथलीच. बाई ७७ हजारांवर मतांनी आल्या. डिसेंबरात लोकसभेने त्यांना सदस्यत्वावरून काढलं आणि तिहारला पाठवलं. ही तर प्रचाराची पुढची फेरीच झाली.

१९७९च्या जुलैत जनता पक्ष आपापसांतल्या भांडणात कोसळला. जानेवारी १९८०ला काँग्रेस ३५३. महाराष्ट्रात ४८पैकी २०च्या ३९ झाल्या. विधानसभेतही १९७८ला इंदिरा काँग्रेसचे ६२ होते, १९८०ला १८६. १९८०ची ती लोकसभा म्हणजे कांद्याच्या भावावर गाजलेली देशातली पहिली मोठी निवडणूक. नाशिककरांना यात नवल वाटायचं कारण नाही. २०२४ला निर्यातबंदीने पेटलेल्या दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्याच की.

पिपाणीचा आवाज

दिंडोरीचा विषय निघालाच आहे तर तिथली दुसरी गोष्ट. पक्षफुटीनंतर शरद पवारांच्या गटाला नवं चिन्ह मिळालं, तुतारी वाजवणारा माणूस. काही अपक्षांना ट्रम्पेट नावाचं चिन्ह मिळालं, म्हणजे आपल्या भाषेत पिपाणी. दिंडोरीत पवारांचे उमेदवार होते भास्कर भगरे, पेशाने शिक्षक, म्हणून 'भगरे सर'. तिथेच दुसरे एक अपक्ष उभे होते, आडनाव भगरे, नावापुढे सर आणि चिन्ह पिपाणी. या दुसऱ्या सरांनी लाखावर मतं घेतली! प्रचारात ज्यांचा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता, त्यांना एक लाख मतं. खरे भगरे सर तरीही लाखाच्या वर मतांनी निवडून आले, म्हणून हा किस्सा हसत सांगता येतो.

साताऱ्यात हसू आलं नाही. तिथे पवारांचे शशिकांत शिंदे उदयनराजेंकडून ३२ हजार ७७१ मतांनी हरले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. ती सगळी चुकून पडली असं कुणी सिद्ध करू शकत नाही, पण पवारांच्या कार्यकर्त्यांसमोर पिपाणीचं नाव काढून बघा. नव्या चिन्हाने लढणाऱ्या पक्षाला विचार, विकास वगैरे सांगण्याआधी चित्रकलेचा तास घ्यावा लागतो. १९८०मध्ये पंजाचं फावलं, कारण पंजा दाखवायला स्वतःचा हात पुरतो, छापील पत्रक लागत नाही.

पोट भरत नाही अशी पोटनिवडणूक

मरगळलेल्या पक्षाला पोटनिवडणुकीइतकं स्वस्त टॉनिक नाही. एकच मतदारसंघ, सगळी फौज तिथेच, आणि सरकार पडणार नसल्याने मतदारही मोकळ्या मनाने राग काढतो. लिबरल डेमोक्रॅट्सनी २०२१ला लंडनजवळची चेशम-ॲमर्शमची जागा, हुजूर पक्षाचं १६ हजारांचं मताधिक्य उलटवून, आठ हजारांनी जिंकली. दुसऱ्या दिवशी डेव्हींनी निळ्या ठोकळ्यांची भिंत रचून ती केशरी हातोड्याने पाडली. (या माणसाला पोरखेळाची भारी हौस.) त्यानंतर एकापाठोपाठ एक अशा तीन पोटनिवडणुका त्यांनी घेतल्या आणि २०२४चे मतदारसंघ निवडताना हाच अनुभव कामी आला.

साताऱ्याची २०१९ची पोटनिवडणूक महाराष्ट्राला आठवते ती पावसामुळे. उदयनराजे मे महिन्यात राष्ट्रवादीचे खासदार झाले आणि चारेक महिन्यांत राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले. १८ ऑक्टोबरला भरपावसात पवार व्यासपीठावर उभे राहिले, छत्री घेतली नाही, लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली असं सांगून टाकलं. तो फोटो रातोरात प्रत्येक मोबाइलमध्ये. श्रीनिवास पाटील ८७ हजारांवर मतांनी आले आणि त्याच दिवशी लागलेल्या विधानसभेच्या निकालात राष्ट्रवादी ४१वरून ५४वर गेली. पाऊस पडला म्हणून जागा आल्या असं मी म्हणणार नाही. तेव्हाच्या राष्ट्रवादीकडे साखर कारखाने, बँका, बाजार समित्यांचं जे जाळं होतं ते पावसाळ्यात उगवलेलं नव्हतं. पावसाने थंड पडलेल्या कार्यकर्त्याला घराबाहेर काढलं, एवढं श्रेय मात्र द्यायला हवं.

टॉनिकचा असर उतरतोही. मार्च २०२३ला पुण्याच्या कसब्यात काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी भाजपचा जवळजवळ तीन दशकांचा गड अकराएक हजार मतांनी घेतला. 'हू इज धंगेकर?' हा चंद्रकांत पाटलांचा प्रश्न पुण्यात चहाच्या कपाइतका घरोघरी पोचला. २०२४च्या मेमध्ये धंगेकर लोकसभेला पडले, नोव्हेंबरात कसब्यातही हेमंत रासने जिंकले आणि २०२५च्या मार्चमध्ये धंगेकर शिंदेंच्या शिवसेनेत दाखल झाले. दोन वर्षांत वर्तुळ पूर्ण.

अठ्ठेचाळीस मतांचं दुखणं

२०२४ला मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात रवींद्र वायकरांनी अमोल कीर्तिकरांना ४८ मतांनी हरवलं. अठ्ठेचाळीस हजार नव्हे, अठ्ठेचाळीस. एका मोठ्या सोसायटीचं एक विंग. त्याच वर्षी विधानसभेला साकोलीत काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले २०८ मतांनी वाचले. पण या सगळ्यांचे शिरोमणी राजस्थानचे सी. पी. जोशी. २००८ला ते तिथले काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष, मुख्यमंत्रिपदाचे दावेदार, आणि नाथद्वाऱ्यात पडले एका मताने. काँग्रेसने सरकार बनवलं, मुख्यमंत्री झाले अशोक गेहलोत. ती जागा परत मिळवायला जोशींना २०१८ उजाडावं लागलं.

अशा जागा शोधून काढायचं साधन म्हणजे निवडणूक आयोगाचा फॉर्म २०. निकालानंतर प्रत्येक बूथवर कुणाला किती मतं पडली याचा हा तक्ता कुणालाही मिळतो. दिसायला अगदीच रुक्ष, आडवे उभे आकडे, शेवटाकडे कुठेतरी नोटा. पण मुरलेला कार्यकर्ता तो हातात घेतला की पेन्सिलीने तीन खुणा करत जातो: हे बूथ आपलं, हे त्यांचं, हे झुलतं. झुलत्या बूथवर हजार-बाराशे मतदार. त्यातले निम्मेच उतरले असतील तर कोण उतरले नाहीत? भाजपने पन्नाप्रमुख नेमले ते याच हिशेबाने. मतदारयादीच्या एका पानावर तीसेक नावं असतात, तेवढ्यांची जबाबदारी एका माणसाची. पराभवानंतरच्या पत्रकार परिषदेत ईव्हीएमवर तासभर बोलणाऱ्या किती पुढाऱ्यांनी आपल्या मतदारसंघाचा फॉर्म २० पाहिला असेल, हा प्रश्न एकदा कुणीतरी विचारायला हवा.

अमेरिकेचा लंबक

तिकडे लंबकच आहे. १९३४पासून २०२२पर्यंत झालेल्या सगळ्या मध्यावधी निवडणुकांत राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाच्या प्रतिनिधीगृहातल्या जागा वाढल्या त्या तीनदाच: १९३४, १९९८ आणि २००२. हरलेल्या पक्षाने दोन वर्षं तग धरायचा, बाकीचं काम समोरचा करतो.

तरी काहींनी मेहनत घेतली. १९४६ला डेमोक्रॅट्स दोन्ही सभागृहांत आपटले. १९४८ला हॅरी ट्रुमन रेल्वेने देशभर फिरले, स्टेशनास्टेशनावर डब्याच्या मागच्या सज्जात उभं राहून काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, निकम्मी म्हणत सुटले. प्रतिनिधीगृहात पक्षाच्या ७५ जागा वाढल्या आणि ट्रुमनही जिंकले. 'शिकागो ट्रिब्यून'ने मात्र त्यांच्या पराभवाचा मथळा आधीच छापून टाकलेला होता. तो अंक हातात उंचावून हसणाऱ्या ट्रुमन यांचा फोटो आजही दर निवडणुकीला एक्झिट पोलवाल्यांना पाठवला जातो.

१९९४ला न्यूट गिंगरिच यांनी कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर तीनशेवर उमेदवार गोळा करून जनतेशी करार म्हणून एका कागदावर सह्या घेतल्या. रिपब्लिकनांच्या ५४ जागा वाढल्या आणि प्रतिनिधीगृह चाळीस वर्षांनी त्यांच्याकडे आलं. सभापती टॉम फोली स्वतःच्या मतदारसंघात पडले. पदावर असलेला सभापती त्याआधी पडला होता तो १८६२ला.

पाच महिन्यांचा महाराष्ट्र

परत घरी येऊ. २०१९ला काँग्रेसला महाराष्ट्रातून लोकसभेची एकच जागा मिळाली, चंद्रपूर. जून २०२४ला १३. महाविकास आघाडी ३०, महायुती १७. दोन्हींच्या मतांतला फरक एका टक्क्याहूनही कमी होता! पण मुंबईत लाडू वाटताना टक्केवारी कोण बघतो. हरलेल्या महायुतीने ती बघितली असावी. जूनच्या अखेरीस अर्थसंकल्पात लाडकी बहीण आली, दरमहा १५००, आणि दिवाळीआधी हप्ते खात्यावर. नोव्हेंबरात भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. विरोधी पक्षनेतेपदासाठी प्रघाताप्रमाणे २८८च्या एक दशांश म्हणजे २९ आमदार लागतात. तेवढे एकाही विरोधी पक्षाकडे नव्हते. लोकसभेला दहा जागा लढवून आठ जिंकणारे पवार पाच महिन्यांनी ८०हून जास्त लढवून दहावर आले. पाच महिन्यांत हरलेला जिंकला आणि जिंकलेला हरला, तोही त्याच मतदारांसमोर.

लोकसभेचं एक शेपूट सांगलीचं. आघाडीच्या जागावाटपात ही जागा शिवसेनेला गेली आणि डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांना तिकीट मिळालं. वसंतदादांचे नातू विशाल पाटील बंडखोरी करून लिफाफा चिन्हावर उभे राहिले आणि निवडून आले. देशात काँग्रेस ९९वर अडकली होती. विशाल पाटलांनी पाठिंब्याचं पत्र दिलं आणि शंभर भरले. ज्याला पक्षाने तिकीट दिलं नाही, त्यानेच पक्षाचं शतक पूर्ण केलं.

नाव लिहा, शुद्धलेखन माफ

शेवटी कॅनडा, कारण असला तमाशा दुसरीकडे नाही. १९८८ला १६९ जागा जिंकणारा तिथला प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष १९९३ला दोनवर आला. पंतप्रधान किम कॅम्पबेल स्वतः पडल्या. मतं होती १६ टक्के! क्वेबेकपुरत्या ब्लॉक क्वेबेक्वा पक्षाला त्याहून कमी मतं होती, साडेतेरा टक्के, पण ती एकाच प्रांतात गोळा झालेली. त्यांच्या जागा ५४ आणि विरोधी पक्षनेतेपदही त्यांचंच. उजव्या मतांत रिफॉर्म पक्ष वाटेकरी झाला होता. दहा वर्षं दोघांनी एकमेकांना पाडून पाहिलं, २००३ला विलीन झाले आणि २००६ला स्टीफन हार्पर पंतप्रधान.

त्याच पक्षाचे आत्ताचे नेते पियेर पॉलिएव्ह. २०२५च्या सुरुवातीला त्यांचा विजय सगळे गृहीत धरून चालले होते. लिबरलांनी जस्टिन ट्रुडोंना बदलून मार्क कार्नी आणले, आणि एप्रिलमध्ये पॉलिएव्ह यांचा पक्ष तर हरलाच, ते स्वतःही वीस वर्षांच्या आपल्या कार्लटन मतदारसंघात पडले. तिथे ९१ उमेदवार होते. मतदान पद्धत बदला म्हणणाऱ्या काही आंदोलकांनी निषेध म्हणून उमेदवारांची रांगच लावली होती आणि मतपत्रिका जवळजवळ मीटरभर लांब झाली.

मग अल्बर्टातल्या एका सुरक्षित जागेवरच्या खासदाराने नेत्यासाठी राजीनामा दिला, चिकमंगळूरसारखाच, आणि ऑगस्टमध्ये पोटनिवडणूक लागली. आंदोलक तिथेही पोचले. या वेळी उमेदवार २१४. एवढी नावं छापायची कशी, म्हणून निवडणूक यंत्रणेने कोरी मतपत्रिका दिली आणि सांगितलं, हव्या त्या उमेदवाराचं नाव स्वतः लिहा. स्पेलिंग चुकलं तरी चालेल, माणूस कळला म्हणजे झालं. मतदान केंद्रात उमेदवारांची यादी लावलेली, हातात पेन्सिल, आणि लिहायचं काय तर पॉलिएव्ह, ज्याचा उच्चार कॅनडातल्या निम्म्या लोकांना जमत नाही. ८० टक्के लोकांनी ते कसंतरी लिहिलं आणि साहेब संसदेत परतले. दिंडोरीत अशी कोरी मतपत्रिका दिली असती, तर नुसतं 'भगरे सर' लिहिलेला गठ्ठा कुणाच्या टेबलावर ठेवला असता देव जाणे.